साऱ्या गोव्यात एकच सेट

रेडिओवरच्या जाहिराती विकण्यात माझी अर्धी हयात गेली. मुंबईचं ऑफिस श्रोत्यांचे तक्ते छापून पाठवायचं, रंगीत, गुळगुळीत कागदावर. डिचोलीच्या आणि पेडण्याच्या बाजारात त्या कागदांवर मी फक्त भजी खाल्ली. इथल्या दुकानदाराला एकच माहिती हवी असते: माझी जाहिरात कधी लागणार? कारण ती त्याला स्वतः ऐकायची असते. वेळ जवळ आली की तराजू थांबतो, गिऱ्हाइकाला हाताने गप्प केलं जातं, दुकानाचं नाव येऊन जातं, आणि शेट आजूबाजूला बघतो, मांडवात मानाचा नारळ मिळाल्यासारखा. त्याने गिऱ्हाईक वाढलं का, हे बरेचदा कुणी विचारतसुद्धा नाही. नवा होतो तेव्हा मी याला हसायचो. मग कळलं की आपलं पोट याच हौसेवर चाललंय, आणि हसणं सोडलं.

खरं म्हणजे त्यांना जाहिरात माझ्याकडून नको असायची, ताईच्या तोंडून हवी असायची. ताई म्हणजे आमची सकाळची निवेदिका. डिचोलीची, माझ्याहून लहान, पण ऑफिसात शिपायापासून सगळे तिला ताईच म्हणायचे. सकाळचा एक तास तिचा, मराठीतला. गाणी असायचीच, पण लोक थांबायचे ते मधल्या बोलण्यासाठी. आज कुठल्या गावची जत्रा, कुठल्या देवळापुढे गावकऱ्यांचं नाटक, कुठे रस्त्यावर झाड आडवं झालंय, कुठल्या वाड्यावर नळ कोरडा आहे. नाटकातल्या गड्यांची नावं ती शेवटच्या द्वारपालापर्यंत वाचायची. द्वारपालाची आई त्या दिवशी पोदेराकडून चार पाव जास्त घेते, असं म्हणायची. मी म्हणायचो, मग पोदेरालाच जाहिरात द्यायला लाव. ती म्हणायची, ते काम तुझं.

एके वर्षी शिगम्याच्या सुमारास मुंबईने ठरवलं की एफएमवर आता दिवसभर तिथूनच गाणी येतील, साऱ्या शहरांना एकच ताट. मराठी तास बंद करायचा नाही, तो डिजिटलवर टाकायचा. आमचे मॅनेजर, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, मुंबईचे आणि स्वभावाने सज्जन. त्यांनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. एकाच टॉवरवरून आता जुन्या वाहिनीबरोबर आणखी दोन-तीन वाहिन्या सोडता येतात. आवाज आरशासारखा, खरखर नाही, सेटच्या पडद्यावर कार्यक्रमाचं नाव उमटतं. सध्या चाचणी आहे. चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, पुरेशा जाहिराती मिळाल्या तर मराठी तास राहील, नाही मिळाल्या तर तो गेला. तासाबरोबर ताईही जाणार, हे त्यांनी सांगितलं नाही. ते आम्हाला सांगावं लागलं नाही. ताईने एवढंच विचारलं की लोकांनी हे ऐकायचं कशावर. साहेब म्हणाले, नवा सेट लागतो, येईल लवकरच बाजारात.

तो काही आला नाही. सेट बनवणारे म्हणत, आधी स्टेशनं सुरू होऊ देत. स्टेशनवाले म्हणत, आधी लोकांच्या हातात सेट जाऊ देत. मोबाइलवाल्यांना त्यात रस नव्हता, आणि कुठलं तंत्र घ्यायचं याचा सरकारी विचार चालू होता. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. मुंबईत मात्र या न ऐकू येणाऱ्या वाहिन्यांना नावं काय द्यायची आणि रंग कुठले द्यायचे यावर बैठका झडत होत्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

गोव्यात सेट आला एकच, दाखवायला म्हणून मुंबईने पाठवलेला. काळा, पावाच्या लादीएवढा, वर खेचायची तार. काही महागड्या गाड्यांत तसला रेडिओ असतो, असं साहेब सांगायचे. असेलही, पण त्या गाड्यांतल्या माणसांना पेडण्याच्या नाटकातल्या द्वारपालाशी काही देणंघेणं नव्हतं. सेट माझ्या ताब्यात आला, कारण बाजारात फिरणारा मी.

पहिल्या दिवशी मी तो घेऊन पेडण्याला गेलो, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानात. तिथला शेट म्हणजे माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. लग्नसराईत त्याची जाहिरात चुकायची नाही. मी सेट उपड्या घागरीवर ठेवला. पडद्यावर ताईच्या कार्यक्रमाचं नाव आलं तसा त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. दुकानात एक बाई समई बघत होती. जाहिरात यायच्या बेताला शेटने तिला हात दाखवला.

"वगी रवा मरे, माजां नाव येता."

नाव आलं. खरोखरच इतकं स्वच्छ आलं की ताई घागरीत बसून बोलतेय असं वाटावं. शेट खूश झाला, मला चहा आला. मग त्याने विचारलं की हा सेट मिळतो कुठे. अजून मिळत नाही, असं सांगितलं. कुणाकडे आहे? सध्या तरी माझ्याकडेच. त्याने कप बशीत ठेवला.

"म्हंजे माजी जाहिरात आयकतलो मीच एकलो? मगे ह्यो डबो घेवन कित्याक फिरतंस? रोज येवन माजां नाव तूच मोठ्यान सांग."

दुकानातली बाई हसली, मीही हसलो. पण जाहिरात त्याने दिली. ताईला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्याचं कारण होतं. पार्शाला काजूबिया घेणारा एक व्यापारी होता, त्यानेही दिली. डिचोलीत शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं, वाळपईत पाण्याच्या पंपांचं. तिथेही ताईच्या नावावर काम झालं. मात्र प्रत्येकाची अट तीच, आपली जाहिरात आपल्याला ऐकू यायला हवी. त्यात चूक काही नव्हतं. पण सेट एक आणि दुकानं चार.

मग आम्ही एक अशी पद्धत काढली की आज कुणाला सांगायची लाज वाटते. ताईने जाहिरातींचा क्रम माझ्या रस्त्याप्रमाणे लावला. एक दिवस पेडण्याकडचा, एक दिवस डिचोलीकडचा. पेडण्याच्या दिवशी भांड्यांची जाहिरात आधी. ती संपली की मी सेट काखोटीला मारून गाडी पार्शाच्या रस्त्याला घालायचो, आणि मी पोचेपर्यंत ताई गाणी लावायची. पुढे ट्रक आडवा आला किंवा गुरं बसलेली असली तर मी तिला फोन करायचो आणि ती आणखी एक गाणं वाढवायची. पार्शाचा व्यापारी अंगणात बियांच्या राशीपाशी उभा असायचा. मी सेट पोत्यावर ठेवायचो आणि लगेच ताईचा आवाज यायचा, आता पार्शाहून एक खुशखबर! व्यापाऱ्याला वाटायचं काय अचूक वेळ साधतात ही माणसं. परत आलो की ताई विचारायची, आवाज पार्शामेरेन, म्हणजे पार्शापर्यंत, नीट आला ना. अख्ख्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम एका माणसाच्या गाडीसाठी थांबत होता. जाहिरात देणारेच ऐकणारे, आणि तेही मी नेऊन ऐकवलं तर. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

तरी सांगतो, त्या दिवसांत ताई बोलायची ते पूर्वीपेक्षा चांगलं बोलायची. सेट लावून गाडीत एकटा असलो की मी ऐकत राहायचो. नाटकाची नावं, झाडं, नळ, सगळं तसंच. मला तिचा राग यायचा. अगं, कुणासाठी एवढा जीव काढतेस, असं म्हणावंसं वाटायचं. म्हटलं नाही. कारण मग तिने उलट मला विचारलं असतं की तू कुणासाठी गाडी पळवतोस.

मे महिन्यात इब्रामपुरातल्या एका तरुणाने जाहिरात दिली. कोंबड्यांचं खाद्य आणि बी-बियाणं विकायचा. त्याच्या दुकानात एफएमसुद्धा नीट लागायचं नाही. मध्ये डोंगर, त्यामुळे खरखर फार. त्याच्या बापाने पोफळीला तार बांधली होती, तेव्हा कुठे ताई अर्धीमुर्धी पोचायची. डिजिटलमध्ये खरखर नसते हे मीच त्याला ऐकवलं होतं. जाहिरातीच्या दिवशी त्याने शेजारी बोलावले. बाप आतून येऊन दारात बसला. मी सेट लावला. पडद्यावर नाव उमटेना. तार खेचली, सेट दाराबाहेर नेला, पोफळीखाली नेला. काही नाही. खरखर नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. साहेबांना नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की डिजिटलचं असंच असतं, पोचलं तर पूर्ण पोचतं, नाही तर अजिबात नाही. मध्ये अर्धंमुर्धं काही नसतं. तिथे पोफळीखाली मला हे ठाऊक नव्हतं. जाहिरातीची वेळ आली आणि गेली. शेजारी माझ्याकडे न बघता उठले. बाप तेवढा बोलला.

"खरखर तरी येवक होयी होती."

त्या म्हाताऱ्याने सहज म्हटलं, पण मला ते फार लागलं. खरखरीत माणूस कान लावून बसतो. चार शब्द मिळाले तर पाचवा मनाने लावतो. या नुसत्या शांततेपुढे तो करणार काय? परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की हे काही चवथीपर्यंत टिकत नाही.

ताईला मी इब्रामपूरचं सांगितलं. तिने दुसऱ्या दिवसापासून इब्रामपूरच्या बातम्या वाढवल्या. मी म्हटलं, अगं, तिथेच तर जात नाही. तर म्हणाली, उद्या सेट बदलतील, टॉवर उंच होईल, तेव्हा त्यांना कुणी विसरलं नव्हतं असं व्हायला हवं. 

पाऊस लागला, काजू संपले, पार्शाचा व्यापारी आपोआप गळला. शाळा सुरू झाल्या, गणवेशवाला गेला. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. भांड्यांच्या शेटने चहा दिला, घरची चौकशी केली, आणि म्हणाला, चवथ होऊन जाऊंदे, मग बघू. चवथ होऊंदे म्हणजे नको, हे मला धंद्यात शिरल्यापासून ठाऊक आहे. वाळपईचा पंपवाला तेच म्हणाला. मी पुन्हा पुन्हा गेलो, तर ते दुरून मला पाहून आत जायला लागले. माझ्यापासून माणसं कधी लपली नव्हती. त्या दिवसांत मी घरी चिडचिड करायचो, जेवताना बोलायचो नाही, आणि बायको विचारायची की रेडिओत काय एवढं ठेवलंय. 

साहेबांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मुंबईला लिहिलं, फोन केले. मला बोलावून म्हणाले की भविष्य डिजिटलचंच आहे, आपण फक्त थोडे लवकर आलो. मी विचारलं, ते भविष्य येईपर्यंत माणसांनी काय करायचं?  त्यांनी सांगितलं की दुसऱ्या एका शहरात चाचणी सुरू होतेय आणि तिथे दाखवायला सेट हवा आहे, कुरिअरने पाठवून द्या. मराठी तास चवथीनंतरच्या पहिल्या शनिवारी संपवायचा.

आजही मी त्याच स्टेशनच्या जाहिराती विकतो. एफएमवर मुंबईहून गाणी येतात, निवेदक हसत असतो, पेडणं नकाशावर कुठे आहे हे त्याला माहीत नसावं. डिजिटल येणार, येणार, असं अजूनही अधूनमधून वाचायला मिळतं. कुणी म्हणतं आधी गाड्यांत येईल, कुणी म्हणतं मोबाइलमध्ये. येवो बापडं. त्यावर बोलायला ताई असणार नाही. ती डिचोलीत मुलांच्या शिकवण्या घेते. भेटली तर घरचं विचारते, रेडिओचं नाव काढत नाही.

तो शनिवार उजाडला तेव्हा सेट ऑफिसातच होता. कुरिअरचा माणूस लवकर आला, कार्यक्रमाच्याही आधी. मी खोकं शोधलं, ताईने सेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, तार मोडू नये म्हणून वेगळी बांधली आणि खोक्याला चिकटपट्टी लावली. माणूस खोकं घेऊन जिना उतरला. आता साऱ्या गोव्यात तिला ऐकायला एकही सेट उरला नव्हता. मी तिला म्हटलं, आज नुसती गाणी लाव, बोलू नकोस, घसा कशाला दुखवतेस. ती म्हणाली की पार्शाला घुमट आरतीची स्पर्धा आहे, पथकांची नावं सांगायची आहेत.

ती आत गेली. मी काचेबाहेर खुर्ची ओढून बसलो. ऑफिसातल्या स्पीकरवर मुंबईचं गाणं चालू होतं, ते मी बंद केलं. काचेतून तिचा आवाज येत नाही. तिचे ओठ हलताना दिसत होते, मध्ये ती कशाला तरी हसली, मध्ये कागद उलटला. भिंतीला लटकलेला हेडफोन लावला असता तर मला सगळं ऐकू आलं असतं. पण आत कळ दाबून ऐकलेलं म्हणजे रेडिओ नव्हे, आणि माझ्याने ते ऐकवलंही नसतं. मला रडू येत होतं आणि शिपाई समोर झाडत होता. तिने तास पूर्ण केला, एक मिनिटही कमी केलं नाही.

बाहेर आली, पाणी प्याली, आणि माझी गाडी रस्त्यावरून परत यायची तेव्हा रोज विचारायची तसं विचारलं.

"आवाज कसो आयलो?"

मी म्हटलं, "बरो आयलो."

"पार्शामेरेन?"

"पार्शामेरेन."

"बरें तर," ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरली.