नापास कराच, असं मी म्हणालो

देशाचं नवं शिक्षण धोरण ठरायचं होतं आणि त्यासाठी गावोगावी लोकांची मतं घेत होते. निमगाव केतकीजवळच्या आमच्या गावात शाळेतच सभा झाली. सरांनी विचारलं, आठवीपर्यंत कुणालाच नापास करायचं नाही, हा नियम ठेवावा का?

"आमच्या वक्ताला चौथीतच निम्मा वर्ग गळायचा, म्हणून बाकीची पोरं शिकली," शेजारचे तात्या म्हणाले.

"तात्या, तुमी त्या गळलेल्यात व्हता की," मागून कुणीतरी बोललं. सगळे हसले.

मग मी उठलो. धाक नसला तर पोरं शिकत नाहीत, नापास कराच, असं ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या आणि तेच गावाचं मत ठरलं.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. तिला अजून अडखळतच वाचता यायचं. मी घरी पोचण्याआधी सभेतलं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

"पप्पा, नापास करा म्हणालात व्हय?"

"तुला न्हाय गं."

"मग कुणाच्या पोरीला?"

सभेत बोलताना ती माझ्या मनातही आली नव्हती.

सकाळी शाळेत जाऊन मी सरांना म्हणालो, माझं मत बदला.

"गावाचं मत कालच वर पाठवलं," सर म्हणाले.

मग खाली मान घालून मी मुलीच्या वाचनाचं सांगितलं.

"शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबू द्या तिला," ते म्हणाले.

सभेत मला हेच मागता आलं असतं.