पांडा, पतंग आणि साखरबाई

शेळगावात साखरबाईला भित्री म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. विहिरीत पडलेलं वासरू काढायला कमरेला दोर बांधून स्वतः उतरलेली बाई ती! पण तीन वर्षांपूर्वी तिनं तुती लावली, शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळल्या, आणि तिच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. तंबाखूनं अळ्या मरतात असं कळल्यावर तीस वर्षांची मिश्री तिनं एका दिवसात सोडली. नवऱ्यानं जन्मभर डोकं फोडलं तेव्हा नाही सोडली हो!

त्या रविवारी सकाळी नात राजलक्ष्मी शेडच्या दारात वही घेऊन बसली होती. शाळेतल्या बाईंनी दोन प्राण्यांची तुलना लिहायला सांगितली होती. पोरीनं एकीकडं पांडा घेतला, दुसरीकडं आजीच्या अळीचा पतंग.

"पांडा शंभर किलोचा, आज्जी. आन् पतंग बोटाच्या पेराएवढा. पांडा निस्ता बांबू खातो."

"एवढं धूड आन् एकच चारा? बांबू संपला मग?"

"मरतो. आपली अळीबी तुतीबिगर मरतीच की. दोघांचं ह्ये सारखंच हाय, असं लिहू का?"

साखरबाई उत्तर देणार, तोच तिच्या नाकात औषधाचा वास शिरला. ती बांधाकडं धावली. शेजारच्या टोमॅटोवर जोतीरामतात्या फवारणी करत होते आणि वारं थेट तिच्या तुतीवर.

"तात्या, बंद करा! वारं कुणीकडं हाय बघा की!"

तात्यांनी पंप थांबवून जीभ चावली. "चुकलं, साखराक्का. ध्यानातच आलं न्हाय."

आता ध्यानात येऊन काय उपयोग? शेडमध्ये लाखभर अळ्या भुकेनं वळवळत होत्या. पाला घालावा तर विष, न घालावा तर उपासमार. "तुझ्या पांड्याला राखणदार असत्याल गं," ती नातीला म्हणाली, "ह्यांना कोण हाय?"

शेवटी तिनं फवारा पोचला नसेल अशा, रानाच्या पार लांबच्या टोकाचा पाला आणला आणि आधी वीसच अळ्यांना सुपात घातला. विष लागलेली अळी डोकं वर करून हिरवं ओकते. दोन तास बाई सुपासमोरून हलली नाही. राजलक्ष्मीनं भाकरी आणली.

"आधी ह्यांना पचू दे," साखरबाई म्हणाली.

आणि एका अळीनं डोकं वर केलं.

कोष विणायला निघालेली अळीही तश्शीच मान हलवते, हे साखरबाईला पक्कं ठाऊक होतं. पण भीतीपुढं शहाणपण चालतं होय? तिनं डोळे घट्ट मिटले, नातीचं मनगट धरलं.

"तू बघ, बाय. माझ्यानं न्हाय बघवत. तोंडातनं काय येतंय? हिरवं का पांढरं?"

पोरगी वाकली. वाकली ती बोलेचना.

"अगं बोल की, मेले!"

"पांढरं. धागा हाय, आज्जी, धागा! दुसऱ्या समद्या खात्यात की!"

साखरबाई मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. राजलक्ष्मी घाबरून तिचे डोळे पुसायला गेली, तर तिनं पोरीचा हात झिडकारला.

"माझं काय बघतीस? त्याच टोकाचा पाला आण! शेडातल्या बाकीच्या उपाशी हायत!"