मफलरातली पिवळी पट्टी

आधीच सांगतो, यात मुलगी नाही.

'हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही' असं कुणी म्हटलं की तुम्ही खुर्ची जरा पुढे ओढता — माहितीये मला. मुलगी असेल, नाहीतर दारू, नाहीतर ऑफिसातली एखादी भानगड. निराशा होणारे तुमची. यात लोकर आहे. उरलीसुरली लोकर, क्रोशाची सुई आणि मी. हसा. मीपण आधी हसलोच होतो, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

मी नकला करतो. करमाळ्याच्या शाळेत होतो तेव्हापासून. हेडसरांचा खोकला मी असा काढायचो की पुढच्या वर्गातली पोरं बाकावर ताठ बसायची. पुण्यात आलो, खराडीला नोकरी लागली, दिवसभर कानाला हेडफोन लावून चिडलेल्या कस्टमरांशी बोलायचं. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच नकला. ऑफिसमध्ये माझं नाव पाठ नसलेली माणसंही मला 'तो आवाजवाला' म्हणतात. राहतो मात्र वारज्याला. एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला कामाला जायचं. का, तर प्रभाकाकूंची खोली. काकूंच्या हातचं जेवण मिळत असेल तर माणूस रोज पुणं आडवं कापतो.

काकू प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. काका जाऊन काही वर्षं झाली होती, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. घरात काकू, पलीकडच्या खोलीत मी, आणि कामाला मंगलताई. मंगलताई जुन्या वारजे गावातल्या. काका गेल्यानंतर कामाला आलेल्या, तेव्हापासून काकूंना त्यांनीच सांभाळलेलं. येताना दूध घेऊन यायच्या, आल्या की आधी चहा. तो चहा जमिनीवर बसून नाही हां — काकूंच्या समोरच्या खुर्चीत. दोघी एकमेकींच्या तक्रारी एकमेकींनाच सांगायच्या. 'तू साखर किती टाकतेस गं?' 'तुमी तोंड वाकडं करत पिता, म्हनून जास्त टाकते.' हे रोज. मला वाटायचं, या दोघींना दुसरं कुणी नाहीच. खरंच नव्हतं.

बिल्डिंगमधल्या बायकांना काकू शनिवारी दुपारी क्रोशा शिकवायच्या. एकदा क्लास सुटल्यावर मी मंगलताईंपुढे काकूंची नक्कल करत होतो. चष्मा नाकाच्या टोकावर, लाटणं सुईसारखं धरलेलं, 'हं, दोरा असा घ्यायचा, घ्यायचा म्हणजे ओढायचा नाही.' मंगलताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकदम हसायच्या थांबल्या. मागे काकू.

"वा," काकू म्हणाल्या. "आवाज जमलाय. हात चुकतायत. अहो कलाकार, नक्कल करायची तर पूर्ण करावी माणसानं. आपण उद्या कसबा पेठेत जा आणि सुई घेऊन या."

गेलो. दुकानदारानं सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, 'कुणासाठी' म्हणून विचारलं. मी 'माझ्यासाठी' म्हटलं तर म्हणाला, "असूद्या. पाकीट लागेल का, की हातात धरून नेणार?"

आणि गंमत म्हणजे मला ते यायला लागलं. नकलाकाराचे डोळे असतात ना — काकूंची बोटं जशी हलायची तशी मी हलवायचो. आधी साखळी, मग तिच्यावर खांब, म्हणजे उभे टाके, ओळ संपली की वळायचं. सोप्यातला सोपा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर. काकूंनी उरलेल्या लोकरीची एक मोठी कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. कुणाच्या बाळाच्या टोपीतली गुलाबी, कुठल्यातरी स्वेटरातली निळी, मेंदी रंगाची, राखाडी. "यातली हवी ती घ्या," म्हणाल्या.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुढे खूप दिवस याच वाक्याच्या मागे लपलोय.

पहिल्या पट्ट्या बघण्यासारख्या होत्या. ओळीतला अगदी शेवटचा खांब कडेला दडून बसतो, नवशिक्याला दिसतच नाही. तो सुटला की पुढची ओळ एकानं कमी, त्याच्या पुढची अजून. माझं विणकाम वर वर अरुंद व्हायला लागलं. "कलाकार, मफलर करताय का समोसा?" सगळं उसवायला लावलं. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. ती तशीच परत वापरायची नाही, लड करून धुवायची, ओझं लावून वाळवायची, मग ती सरळ होते — हेही त्यांनीच शिकवलं. आणि अजून एक शिकवलं. क्रोशाचं सगळं काम एका कडीवर उभं असतं. सुईवरच्या त्या एका कडीवर. ती सुटली आणि दोरा ओढला गेला की आख्खं विणकाम सरसर सुटत जातं. म्हणून काम अर्धवट ठेवून उठायचं असेल तर त्या कडीत सेफ्टी पिन अडकवायची. "पिन दिसली की समजायचं," काकू म्हणाल्या, "माणूस परत येणार आहे."

मला समजलं होतं. मान हलवली होती मी.

आता सांगायलाच हवं, नाही का? किती वेळ खराडी आणि कसबा करणार?

दिवाळीनंतरची गोष्ट. काकू बहिणीकडे गेल्या होत्या. मंगलताई फरशी पुसत होत्या. माझी राखाडी पट्टी झाली होती, तिच्यानंतर मला पिवळीच हवी होती. डोक्यात बसलं होतं. पिशवीत पिवळा गुंडा नव्हता. तळाशी एक पिवळं काहीतरी होतं — विणलेलं. खाली रुंद, वर वर निमुळतं, कडा वेड्यावाकड्या. माझ्या समोशाचा थोरला भाऊ. कुणातरी नवशिक्याचा फसलेला प्रकार, टाकाऊ, असं मला वाटलं.

असं मी स्वतःला सांगत आलोय. असंच मी तुम्हालाही सांगणार होतो.

मी ते मंगलताईंपुढे नाचवलं. काकूंच्या आवाजात म्हणालो, "अहो, हे काय विणलंय? शेवटचा खांब कुणी घ्यायचा, शेजाऱ्यांनी?" मंगलताई फरशीवर बसून हसत होत्या. आणि मी दोरा ओढला. सरसर, सरसर, एकेक ओळ. मला मजा येत होती — सुटताना ती लोकर हलकीशी उड्या मारते. दोन मिनिटांत माझ्या मांडीवर पिवळा कुरळा ढीग. धुवायला, वाळवायला कोण थांबतंय? त्याच दुपारी पट्टी झाली. कड मात्र सरळ आली. मी खूश.

मग काकांची तिथी आली. रविवार होता, मी हॉलमध्ये चहा घेत बसलो होतो. काकूंनी पिशवी आणून पलंगावर उपडी केली. चाचपलं. परत भरली, परत उपडी केली. मग कपाट. मग माळ्यावरची बॅग उतरवायला लावली मला. मी उतरवलीसुद्धा. "काय शोधताय?" असं विचारलंसुद्धा.

तेव्हा त्यांनी सांगितलं. काकांची अँजिओप्लास्टी झाली होती, तेव्हा घरी बसून कंटाळायचे. म्हणून काकूंनी त्यांच्या हातात सुई दिली. बँकेतला माणूस, जन्मभर एक आकडा चुकला नाही, आणि शेवटचा खांब रोज विसरायचा. रोज काकूंनी बोलायचं, रोज त्यांनी विसरायचं. एका सकाळी ते विणता विणताच छातीला हात लावून उठले. रिक्षा खाली येईपर्यंत काकूंनी कडीत पिन अडकवून ठेवली. पिशवीतच राहू दिलं, कारण त्यांनी तिथंच ठेवलं असतं.

माझ्या हातात बॅग होती. ती मी कुठे ठेवली, आठवत नाही.

तेव्हा बोलता आलं असतं ना? एक वाक्य. 'काकू, मी उसवलं.' एवढंच. कुणाचीही नक्कल न करता. पण काकूंचं डोकं तोवर दुसरीकडे गेलं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत मंगलताईंनी जुन्या कपड्यांचं गाठोडं भंगारवाल्याला दिलं होतं. काकू टेबल पुसणाऱ्या मंगलताईंकडे वळल्या. "मंगल, तू दिलंस ते."

"न्हाय काकू. मी कापडंच दिल्याती."

"मग कुठे गेलं? पाय फुटले त्याला?"

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आता कळलं होतं, त्या दुपारी आपण कशाला हसलो ते. रागानं नाही पाहिलं, खुणावलंही नाही. नुसतं पाहिलं — जसं आपण बसमध्ये शेजारच्याकडे बघतो, तुमचं स्टॉप आलंय म्हणून.

आणि मी काय केलं? खोलीत तशी शांतता पसरली की मला ती सोसत नाही. लहानपणापासूनचं आहे. शांतता झाली की मी कुणाचातरी आवाज काढतो. त्या दिवशी मी भंगारवाल्याचा काढला. "एऽऽ भंगाऽऽर, जुनंपुराणंऽऽ..."

कुणी हसलं नाही. पण काकूंनी मान हलवली. जणू मी साक्षच दिली. आणि मग मंगलताईंना त्या जे बोलल्या — आवाज चढवून, इतक्या वर्षांचं सगळं काढून — ते मी इथे लिहीत नाही. मला ते हुबेहूब काढता येतं, काकूंच्या आवाजात. म्हणूनच लिहीत नाही.

मंगलताईंनी फडकं पिळलं, वाळत घातलं. घराची किल्ली टेबलावर ठेवली. "उद्यापास्नं येत न्हाय मी," म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही.

का नाही घेतलं? मला आजही माहीत नाही. चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. परत या म्हणालो, काकूंचे हाल होतायत म्हणालो, काय काय म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"काकूस्नी सांगितलं का दादा तुमी?"

"नाही अजून."

"मंग हितं काय करताय?"

मी परत आलो. काकू भांडी घासत होत्या. चहा केला होता, एकच कप, स्वतःसाठी, आणि तो तसाच गार. मी म्हणणार होतो. रोज म्हणणार होतो. जिन्यात पाठ करायचो आणि दारात आलो की तोंडातून हेडसर निघायचे, कंडक्टर निघायचा, कुणीही निघायचं. काकू हसायच्याही थोड्या. त्यांना वाटायचं, पोरगा आपलं मन रमवतोय.

मफलर सोडून दिला असं मी त्यांना सांगितलं होतं. खोटं. तो मी खोलीत दार लावून पूर्ण केला. पिवळी पट्टी उसवावी असं दर वेळी वाटायचं, पण उसवून ते परत काकांचं थोडंच झालं असतं? ते वेडंवाकडं विणकाम मला कसं जमणार — मला आता सरळच येत होतं. मग थंडी वाढली. गाडीवर खराडीपर्यंत कान गारठायचे. गेटच्या बाहेर गेलो की सॅकमधून काढून गुंडाळायचो. ऑफिसात सगळे विचारायचे, कुणी केला रे? मी दर वेळी वेगळ्या आवाजात वेगळं उत्तर द्यायचो. एकदाही खरं नाही.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. दूध मंगलताई आणायच्या. त्या गेल्यापासून काकू सकाळी स्वतः खाली उतरत होत्या.

एक दिवस गेटबाहेर मी मफलर गुंडाळत होतो आणि समोर काकू, हातात दुधाच्या पिशव्या. त्यांचा चेहरा असा उजळला की — मी ते वर्णन करू शकत नाही. "अरे! पूर्ण केलात? आणि मला खोटं सांगितलंत होय!" दूध माझ्या गाडीच्या सीटवर ठेवून त्यांनी मफलरचं टोक हातात घेतलं. बाई शाळेत वही तपासतात तसं कडेवरून बोट फिरवत आल्या. गुलाबी, निळी, मेंदी. "कड सुरेख आलीये हो." राखाडी.

पिवळीवर बोट थांबलं. मागे गेलं, पुढे गेलं. लोकर अजून कुरळी होती, तिथे पट्टी जरा फुगून बसलेली. मी गळ्यात मफलर घालून उभा, दुसरं टोक त्यांच्या हातात. कुठे जाणार होतो?

"अक्षय," त्या म्हणाल्या. कलाकार नाही. अहो नाही. "उसवलेली लोकर तशीच वापरू नये, हे मी तुला शिकवलं होतं का नव्हतं?"

"होतं."

"पिन लावलेली दिसली नव्हती तुला?"

तुम्हाला मघाशी मी पिन सांगितलीच नाही. त्या पिवळ्याच्या कडीत पिन होती. मी ती बघितली होती, तिचा अर्थ मला पाठ होता. तरी ती उघडून काढली, बाजूला ठेवली, आणि मग दोरा ओढला.

"दिसली होती," मी म्हणालो. माझ्याच आवाजात. किती बारीक आहे तो.

"मी मंगलला बोलत होते, तेव्हा तू समोरच होतास. तिच्या हातचा चहा पिऊन." त्यांनी आवाज चढवला नाही. रस्त्यावरून शाळेची व्हॅन गेली, ती जाईपर्यंत थांबल्या. "मी तिला काय काय बोलले, ते तू ऐकलंस. सगळं ऐकलंस आणि वर नक्कल करून दाखवलीस."

मी म्हणालो, काकू, ती पट्टी उसवून देतो. आत्ता देतो.

त्यांनी मफलरचं टोक सोडलं. दुधाच्या पिशव्या उचलल्या.

"उसवून काय देणार आहेस? लोकरच ना? ती माझ्याकडे पिशवीभर आहे."