जपानी सेंट आणि विहाराची किल्ली

नणंद पुण्याहून आली की माझ्यासाठी काहीतरी आणते आणि मग ते कसं वापरायचं याची शिकवणी लावते. गेल्या पावसाळ्यात तिनं सेंट आणला. एवढीशी काळी बाटली आणि तिच्या तिप्पट खोका. तिच्या कंपनीत जपानी साहेब आहेत, त्यामुळे हल्ली तिला तिकडचं सगळंच भारी वाटतं.

"वहिनी, हा फुलाबिलांचा नाही," ती म्हणाली. "तिकडच्या मंदिरांत पूर्वीपासून जो धूप जाळतात ना, त्यावरून काढलेला वास आहे. लवंग, मिरे, देवदार. आणि तिकडे वास घेतला म्हणत नाहीत, वास ऐकला म्हणतात."

"बापा, इथी तुह्या मायचं ऐकता ऐकता माहे कान गेले," मी म्हटलं. "आता नाकानंबी ऐकू काय?"

सासू तिथंच तांदूळ निवडत बसली होती. सगळ्यांत आधी तीच हसली.

नणंदेनं माझ्या मनगटावर फुसकन मारलं. आधी मिरी नाकात गेली, मग लवंग, आणि थोड्या वेळानं आरा मशिनीवर सागाचा लठ्ठा चिरताना येतो तसा वास राहिला. नवरा बाहेरून आला आणि दारातच थांबून विचारता झाला, "कोणाचा दात दुखून राह्यला?" सासूनं मात्र माझा हात धरून नाकाशी नेला आणि बराच वेळ सोडला नाही.

"विहारासारखा वास येऊन राह्यला," ती म्हणाली.

नणंद खूश झाली. मी कशाची खूश होते! मी ब्लाऊज शिवणारी बाई, अंगाला विहाराचा वास लावून जाऊ कुठं? बाटली कपाटात ठेवून दिली.

आता विहाराचं सांगते. सावली गावात आमच्या मोहल्ल्यातला विहार टिनाचा होता तेव्हापासून त्याची किल्ली सासूच्या कमरेला आहे. सकाळी उठून दार उघडायचं, झाडायचं, रविवारी संध्याकाळी वंदनेच्या आधी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावायची, हे काम तिचं. सासरे गेले, शेताच्या वाटण्या झाल्या, लेक पुण्याला गेली, पण किल्ली कमरेला राहिली.

आणि अलीकडे ती विसरायला लागली. भाजीत दुसऱ्यांदा मीठ पडायचं, ते आम्ही हसून खाल्लं. पण एकदा विहाराचा पंखा रात्रभर चालू राहिला. आणि एका सकाळी लोक गेले तर दार सताड उघडं आणि मूर्तीसमोर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर एक शेळी निवांत रवंथ करत बसलेली. मग काय, महिला मंडळात कुजबुज सुरू झाली. मंडळाची सचिव म्हणजे कोपऱ्याच्या घरची बाई. माझ्याकडेच ब्लाऊज शिवते आणि दर वेळी बाही उसवून घेते. ती म्हणाली, "आता बाईले आराम देऊ. रविवारी वंदना झाली का किल्लीचं बोलून घेऊ."

सासूच्या कानावर गेलंच. त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "मी म्हातारी झाली, मले का समजत नाई? पण किल्ली गेली त सकाळी उठून मी जाऊ कुठी?"

मला असा राग आला की विचारू नका. आणि माझं कसं आहे, राग आला की मी नटते. आमच्या घरावर कोणी बोललं की इस्त्रीची साडी निघालीच समजा. रविवारी पांढरीशुभ्र साडी नेसले, कपाटातून ती बाटली काढली आणि पदर, केस, मान, जिथं जिथं हात पोचला तिथं मारली. कानामागे किंचित लावायचं, ही नणंदेची शिकवणी साफ विसरले. नवरा म्हणाला, "भांडाले चालली का लग्नाले?"

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. बायका दिवसभर चिखलात वाकून आलेल्या, हातपाय धुऊन कशाबशा टेकल्या. मी मुद्दाम पुढे, सासूला खेटून बसले. सगळ्यांनी डोळे मिटले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, खोटं बोलणार नाही हेही सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं. डोळे उघडले तर माझ्यासमोर अगरबत्तीचं स्टँड घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. काडी नाही, राख नाही. मेणबत्ती तेवढी जळत होती. म्हटलं, आजच व्हायचं होतं हे.

सचिवबाईनं घसा खाकरला. ती तोंड उघडणार तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "अवो, आज अगरबत्ती कोणती लावली? रोवण्याचा शीण गेला पा."

"व्हय ना, भारीची दिसते," दुसरी म्हणाली.

सचिवबाईनंही नाक वर करून वास घेतला. "कुठून आणली, बाई?"

मी सासूकडे पाहिलं. सासू सरळ मूर्तीकडे पाहत होती. "माह्या लेकीनं आणली," ती म्हणाली. "जपानची हाये."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हसू दाबायला मी तोंडात पदर कोंबला, तर पदरालाच सगळ्यांत जास्त सेंट. अशा शिंका आल्या की डोळ्यांतून पाणी निघालं. ही अगरबत्ती चंद्रपुरात मिळेल का गडचिरोलीत, यावर मंडळाची चर्चा लागली आणि किल्लीचं बोलणं राहूनच गेलं.

घरी येताना मी एकटीच हसत होते. हापशीजवळ सासू थांबली.

"स्टँड रिकामं व्हतं, मले दिसलं," ती म्हणाली. "डोळे मिटाच्या आधीच दिसलं. उठाची हिंमत नाई झाली." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आज अगरबत्ती इसरली. उद्या तुलेबी इसरीन. मले भेव लागते."

मी तिचा पदर सारखा केला. म्हटलं, "इसरा खुशाल. तेवढीच तुमची बोलणी कमी बसतीन मले."

ती हसली आणि मला रडू आलं. दोघी तशाच घरी आलो.

तोड तिनंच काढली. "दर रविवारी हाच वास लावून माह्या बाजूले बसजो. वास आला का मले आठवन, अगरबत्ती लावाची राह्यली." आणि ती युक्ती चालली, बरं का. कानामागे आणि पदराला किंचितच लावून मी जाऊन बसले की ती नाक हलवायची आणि हात आपोआप माचिसकडे जायचा.

तिकडे सचिवबाई त्या जपानी अगरबत्तीच्या मागे हात धुऊन लागली. दर रविवारी नवा पुडा. कधी मूल गावचा, कधी चंद्रपूरचा. काडी पेटवायची, वास घ्यायचा आणि म्हणायचं, "हा तो नाई." मी आपली खाली मान घालून बसायची.

एका रविवारी दुपारी ती ब्लाऊजचं माप द्यायला आली. मी वंदनेसाठी तयार होऊन बसलेली. टेप घेऊन तिच्या खांद्याशी वाकले, तर तिचं नाक माझ्या मानेशी. तिनं एकदा वास घेतला, मग परत घेतला. माझ्या हातातला टेप जागच्या जागी थांबला. म्हटलं, मेले आता. तिनं दारातून अंगणात पाहिलं. सासू झाडून झालेला कोपरा पुन्हा झाडत होती. सचिवबाईनं माप द्यायला हात पुन्हा पुढे केला.

"बाही जरा ढिली ठेवजो," एवढंच म्हणाली. चप्पल घालताना पुन्हा वळली. "किल्ली राहू दे सासूपाशीच. दोघी मिळून उघडत जा. अन् ते शेळी माहीच व्हती, कोणाले सांगू नको."

आता बाटली तळाला आलीय. नणंद दुसरी पाठवणार आहे. आपली निवड वहिनीला एवढी आवडली म्हणून ती हवेत आहे, आणि मीही तिला खाली उतरवलेलं नाही.

परवाच्या रविवारी निघताना मी सासूच्या पाठीवर हात ठेवला. तिनं वळून पाहिलं आणि पाहुणीला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "कोण व्हय बाई?"

मी तिच्या आणखी जवळ सरकले. तिनं माझा पदर हातात घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून उभी राहिली.

"हं, आमचीच हाये," ती म्हणाली. "चाल लवकर, अगरबत्ती लावाची राह्यली."