बियाण्याचे कांदे

"हाऊ नही."

कांदा तळहातावर घ्यायचा, अंगठ्याने त्याची मान दाबून बघायची, उलटा करून बूड बघायचं आणि बाजूला ठेवून द्यायचा. "हाऊ नही." मग दुसरा. "हाऊ बी नही." वीस-पंचवीस कांदे असे बाद झाले की एखाद्यावर मावशींचा अंगठा थांबायचा. "हाऊ शे," म्हणत त्या तो सुपात ठेवायच्या. हा नव्हे, हा आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण लेकीसाठी स्थळं बघणाऱ्या बापालाही इतकी पारख करताना मी पाहिलेलं नाही.

मावशी बागलाणातल्या नामपूरच्या. नाशिकला आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलगा अंबडला कंपनीत, सून शाळेत शिक्षिका. हे घर घेताना गावचं शेत विकावं लागलं होतं. त्याबद्दल मावशी माझ्याशी एकदाच बोलल्या. "वावर गयं, भाऊ. बी ऱ्हायनं." शेत गेलं, बियाणं तेवढं राहिलं.

ते बियाणं त्यांच्याकडे त्यांच्या सासूकडून आलेलं. शरदात अख्खा कांदा मातीत लावला की पुढे त्याला डेंगळा येतो, म्हणजे उंच दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा. त्यातून बी, बियातून पुन्हा कांदा. बी वर्षभरच धड उगवतं, कांदा तर तेवढाही टिकत नाही. त्यामुळे ही फेरी एकदा चुकली की वाण संपलाच. हे सगळं त्यांनी मला शिकवलं, तेही माझी कीव येऊन. ऑक्टोबरात मी नर्सरीतून पिटुनियाची रोपं आणली होती.

"याले काय लागस?" त्यांनी विचारलं.

"फुलं."

"आनी मंग?"

मग काय? मी क्रोटनला पाणी घालायला निघून गेलो.

दसरा झाला की पलीकडे सासू-सुनेची जुंपायची. तुम्ही शेजारी असता तर तुम्हीही भिंतीला कान लावला असता, उगाच साळसूदपणाचा आव आणू नका. सुनेला दारात शेवंती हवी असायची. "आई, दारात कांदे बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणतीन, घरमा भाजी शे."

शेवटी तह व्हायचा. फाटकाकडची बाजू शेवंतीची, भिंतीकडची कांद्याची. दिवाळीपर्यंत शेवंतीच्या रांगेत दोन-चार कांदे हमखास घुसलेले असायचे, आणि सून ते बघून न बघितल्यासारखं करायची.

एका फेब्रुवारीत सोसायटीची बाग-स्पर्धा होती. परीक्षक बाई डेंगळ्यांपुढे थबकल्या. "किती गोड! हे फूल कुठलं, हॉलंडचं का?"

"नामपूरनं," मावशी म्हणाल्या. "कांदा शे, बाई."

दुसरा नंबर आला. बक्षीस मिळाली क्रोटनची कुंडी, ती त्यांनी त्याच दिवशी माझ्या ओट्यावर आणून आदळली.

गेल्या मार्चात गारा पडल्या. डेंगळे आडवे झाले, बी भरलंच नाही. मावशी दोन दिवस धड जेवल्या नाहीत. आता भरवसा राहिला तो फक्त उन्हाळ्यात काढलेल्या कांद्यांवर. दसऱ्यानंतर त्यांनी त्यातले पाव सूप निवडले, नेहमीपेक्षा कितीतरी वेळ घेऊन. बाकीचे स्वयंपाकात गेले. "हाई साल चुकनं तर सगळं गयं," असं म्हणून त्यांनी ते सूप पडवीत ठेवलं. कोजागरी झाली की ते लावायचं ठरलं होतं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी मावशी दुपारच्या झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. अंत्यविधीहून परतलेल्यांना शेजाऱ्यांनी कडू घास द्यायचा, पिठलं-भाकरीचा. ते काम आमच्याकडे आलं. नामपूरहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. पिठलं रटरटत असताना बायको म्हणाली, "तोंडी लावायला कांदे नाहीत हो, कुठून तरी बघा." मला शेजारच्या पडवीतलं सूप दिसलं. ते कांदे कशासाठी ठेवलेत हे त्या घराबाहेर सगळ्या आळीत फक्त मला माहीत होतं, आणि ते सूप मीच उचललं. डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय सांगू? बायकोने कांदे चिरले, सालं आणि बुडखे बादलीत गेले.

पंगतीत एक म्हातारे गृहस्थ कांद्याची फोड चावता चावता थांबले. "हाऊ कांदा आपला शे," ते शेजारच्याला म्हणाले.

मी भाकरी वाढत होतो. टोपली तिथेच ठेवली. आत जाऊन पाहिलं तर सूप रिकामं. मावशी गेल्या तेव्हा मला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. मला माझी लाज वाटत होती.

सकाळी सुनेला सांगितलं. वाटलं, बोलेल, ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "बुडखे कुठे टाकले, काका?"

"ओल्या कचऱ्यात. बादली आत्ताच घंटागाडीत रिकामी केली."

मुळांकडचा तो कापलेला तुकडा मातीत ठेवला तर कधी कधी फुटतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तिला होतं. इतकी वर्षं भांडता भांडता ती बरंच शिकली होती.

घंटागाडी गाणं वाजवत वळणापाशी पोचली होती. सून अनवाणी धावली, केस तसेच मोकळे. मी मागे धापा टाकत. तिने गाडी थांबवली, ओला कचरा रस्त्यावर ओतायला लावला आणि चहाचा चोथा, पपईची सालं उपसत खाली बसली. सुतकातली बाई कचऱ्यात हात घालून बसलेली बघून बायका फाटकाशी गोळा झाल्या.

"काय पडलं, ताई? सोनं का?" गाडीवाल्याने विचारलं.

"सासू," ती मान वर न करता म्हणाली. "माझी सासू."

त्याने गाणं बंद केलं आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून बुडखे वेचू लागला.