जांभळ्या उजेडाची राजलक्ष्मीअक्का

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या बंगळुरातल्या जयनगरात दूधवाल्यालाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून काढली, निवृत्त झालो, पण घरी बसवेना. म्हणून इलेक्ट्रॉनिक सिटीमागे भगवंतरावांच्या वर्कशॉपमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागलो. तिथं मला राजलक्ष्मीअक्का भेटल्या आणि त्यांनी माझा माज पार उतरवला. तेच सांगतोय.

अक्कांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं. बोलणं मराठी, मध्येमध्ये कन्नड. शिक्षण दहावी. पॅकिंगला लागल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी प्लाझ्माची भट्टी आली आणि बाई तिच्यापाशी गेल्या त्या तिथल्याच झाल्या.

भट्टी म्हणजे जाळ नव्हे हो! पोलादाचे गिअर बंद टाकीत रचायचे, हवा उपसायची, थोडा नायट्रोजन आणि हायड्रोजन सोडून वीज द्यायची. वायू जांभळा उजळतो, तोच प्लाझ्मा. ट्यूबलाइटच्या पोटातही तोच असतो. त्यातून नायट्रोजन पोलादाच्या कातडीत शिरतो आणि गिअर असा टणक होतो की वर्षानुवर्षं झिजत नाही. टाकीला इवलीशी काचेची खिडकी आहे. अक्का तिला डोळा लावायच्या आणि नुसत्या रंगावरून सांगायच्या, "सर, गॅस स्वल्प जास्त झालाय." मी मीटर बघायचो. झालेलाच असायचा! मला मनातून राग यायचा, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी काम कमी झालं होतं. दसऱ्याच्या तोंडावर रोबोट बनवणाऱ्या एका कंपनीचे चाळीस गिअर आले. भगवंतराव म्हणाले, "हे पास झाले तर भट्टी राहील आणि अक्का भट्टीप्रमुख. नापास झाले तर भट्टी विकतो. मग अक्का, तुम्ही परत पॅकिंगला."

अक्का फक्त "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, त्यांनी चाळीसच्या चाळीस गिअर धुऊन, पुसून टाकीत रचले आणि हार आणायला बाहेर गेल्या. पूजा मी सांगितली. सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागलं, दृष्टीचा भोपळा फुटला, प्रसाद वाटला, कुलूप घातलं. दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीचं दार लावलं, अक्कांनी वीज दिली, तर आत तडतड! ठिणग्यांवर ठिणग्या, आणि दर ठिणगीला मशीन आपोआप बंद पडत होतं. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीला येणार होता.

माझं डोकंच फिरलं. "अक्का, तुम्ही नीट धुतलंच नाहीत! तेल राहिलंय!" सगळ्यांसमोर ओरडलो मी. भगवंतरावही बघत होते.

"धुतलंय मी," एवढंच त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण खिडकीवरून हलल्या नाहीत. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "सर, तेल असतं तर ठिणगी कुठंही उडाली असती. ही वरच्या रांगेतल्या प्रत्येक गिअरवर एकाच जागी उडतेय. कुणी मोजून ठेवल्यासारखी."

मी वीज बंद केली. टाकी उघडली. वरच्या रांगेत दहा गिअर, दहांवर एकेक करडा ठिपका. अक्कांनी ठिपक्यांकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. अनामिकेच्या नखात अजून लाली होती.

अहो, यंत्राची पूजा झाली आणि कामाची राहिली, असं कसं चालेल? म्हणून त्या हाराला गेल्या तेव्हा मी आत वाकून वरच्या रांगेतल्या प्रत्येक गिअरला अनामिकेनं कुंकू लावलं होतं, टिकावं म्हणून तेलात कालवून! कुंकवात चुना असतो, चुन्यातून वीज जात नाही, तिथं ठिणगी पडणारच. हे मी कारखान्यातल्या शिकाऊ पोरांना शिकवलंय. शहाणा तो मीच!

अक्का पदराच्या टोकानं ठिपके पुसायला लागल्या. मला पाठीशी घालत होत्या. त्यानं मला जास्तच लाज वाटली. मी सरळ म्हणालो, "भगवंतराव, चूक माझी आहे. अक्कांचं काम चोख होतं." मग बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या शेजारी बसून चाळीस गिअर पुन्हा धुतले. दोनदा तर त्यांनी माझा गिअर परत पाठवला.

दुपारी बाराच्या आत भट्टी लागली. काचेतून बघितलं तर प्रत्येक दाताभोवती जांभळा उजेड, एक ठिणगी नाही. "आता बघा!" अक्का पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसानं गिअर तपासयंत्राखाली धरला. कडकपणा सातशेच्या वर हवा होता. आकडा आला सातशे बेचाळीस. दुसरा सातशे अडतीस. तिसरा सातशे पंचेचाळीस! मी टाळीच वाजवली. तो म्हणाला, "पुढचे चारशेही इथंच. इन्चार्ज कोण?" भगवंतरावांनी अक्कांकडे बोट केलं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग खदखदून हसल्या.

यंदाच्या आयुधपूजेला मी कुंकवाची वाटी घेऊन भट्टीकडे निघालो. अक्का टाकीच्या दारात आडव्या उभ्या. "सर, कुंकू दाराला बाहेरून मी लावते. तुम्ही आधी हात धुऊन या."

जन्मभर लोकांना हुकूम सोडले मी. निमूट नळावर गेलो. साबण लावून, दोनदा धुतले.