चौदा घरं कमी

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. अंगानं काटकुळी, चालणं ताठ, बोलणं मोजकं. बावीस वर्षं नकाशे काढून काढून नजरच अशी झाली होती, की कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी चहा यायच्या आत खोलीची लांबी-रुंदी तिच्या मनात मांडून झालेली असे. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. हिनं गावातल्या निम्म्या लोकांची घरं कागदावर बांधली, स्वतःचं मात्र एकही नाही. लग्नानंतर भाड्याच्या आठ जागा झाल्या. आता पाण्याचे पंप दुरुस्त करणारा नवरा, सासू आणि ती, तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. सासूचे गुडघे गेले होते. दोन वर्षांत ती जिना उतरली नव्हती. पायऱ्या साडेआठ इंच उंच आहेत, सहाच्या हव्या होत्या, असं सून म्हणाली की सासू म्हणे, "मोजून काय होणार, बाई? उतरायचं मलाच आहे."

म्हणून गावाबाहेरच्या त्या साठ घरांमध्ये तिचा जीव अडकला होता.

गावातली भाडी इतकी वाढली होती, की गाव झाडणारे, बस चालवणारे, कपडे शिवणारे लोक दरवर्षी आणखी लांब जाऊन राहत. एका शिवणकाम करणाऱ्या ताईनं अशी साठ कुटुंबं गोळा करून त्यांची संस्था काढली होती. बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा नगरपालिकेच्या मालकीची होती. ती मिळावी म्हणून बांधकाम खात्याच्या साहेबांनी सात वर्षं कागद हलवले, आणि कुटुंबांनी सात वर्षं दरमहा पोटाला चिमटा काढला. शेवटी राज्याच्या गृहनिधीनं निम्मा खर्च देण्याचं मान्य केलं. अट एकच: सभागृहानं मंजूर केलेला नकाशा महिनाअखेरीच्या आत हातात पडला पाहिजे, नाहीतर पैसा दुसऱ्या गावाला जाईल. त्याआधीची शेवटची सभा शुक्रवारी होती. कुटुंबांचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरले होते, घरं त्याच क्रमानं मिळणार होती. फूटपट्टीचं कुटुंबही त्या साठांतलंच, क्रमांक त्रेपन्नावा.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी ती जागेवर खुंट्या तपासायला गेली. फितीचं एक टोक विटेखाली दाबून दुसरं टोक ओढत असताना मोडक्या कुंपणावर उन्हाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, या कोपऱ्यातही बांधणार का? त्यानं या भट्टीवर चाळीस वर्षं विटा थापल्या होत्या, आणि अजूनही समोरच राहत होता. ती म्हणाली, हो, इथं चौदा घरं येतील.

म्हाताऱ्यानं हनुवटी खाजवली. "खड्ड्यावर?"

"कुठला खड्डा, आजोबा?"

"माती इथूनच काढायचो आम्ही. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली असती, तरी वरच्याचं डोकं दिसलं नसतं. भट्टी बंद पडली तेव्हा मालकानं राख आणि विटांचे तुकडे टाकून बुजवला. वर चार बोटं माती पसरली, आणि जागा विकून मोकळा झाला."

कुठल्याच जुन्या नकाशावर हा खड्डा नव्हता. तिनं म्हाताऱ्याच्या घरून पहार मागून आणली आणि जमिनीत मारली. वीतभर कडक लागलं. मग पहार अशी आत गेली, की जणू खालून कुणीतरी ओढून घेतली. बाहेर काढली तर टोकाला करडी राख. पायाखालची जमीन सरकली, असं आपण उठसूट म्हणतो. तिच्यावर ते त्या सकाळी अक्षरशः आलं. अकरा ठिकाणी पहार मारून तिनं खड्ड्याची कड शोधली. पूर्वेचा अख्खा कोपरा पोकळ होता. चौदाच्या चौदा घरं त्यावर होती.

कार्यालयात आल्यावर तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, या एका कामापायी केस पिकवून घेतलेला माणूस.

"हे शुक्रवारनंतर सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मग त्यांनी तिला समजावलं. आहे तो नकाशा आत्ता मंजूर करून घ्यायचा, दुरुस्ती मागाहून करायची. सगळीकडे असंच चालतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता खड्ड्याचं नाव काढलं, तर विरोध करणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. तिनं विचारलं, आणि मागाहून कुणी दुरुस्ती केलीच नाही तर? कंत्राटदार नकाशा बघेल, पाया भरेल, बिल घेईल आणि जाईल. भिंती तडकतील तेव्हा आत माणसं असतील.

साहेब एवढंच म्हणाले, "नकाशाखाली दोन सह्या असतात. माझी मी करीन. तुझं तू बघ."

घरी नवरा हातांचं ग्रीस धूत होता. तिनं सगळं सांगितलं, आणि घरं कमी झाली तर आपला नंबर गेलाच, हेही सांगितलं. तो टॉवेलला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"आपला नंबर त्रेपन्न नसता, पाच असता, तर काय केलं असतंस?"

"हेच."

"मग मला कशाला विचारतेस?"

सासूला आतल्या खोलीत सगळं ऐकू गेलं होतं. ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि त्या दिवशी जेवली नाही. साहेबांच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणं सुनेला जास्त जड गेलं.

मंगळवारी सकाळी तिनं नवा ट्रेसिंग कागद ताणून बसवला. कोपरा मोकळा सोडला, रस्ता आत घेतला, गटाराचा उतार फिरवला. सेहेचाळीस घरं बसली. पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं, सत्तेचाळिसावं काही बसेना. मग दुपारी तिच्या लक्षात आलं, की जिने चार इंचांनी अरुंद केले आणि दोन इमारतींमधली हवेची वाट निम्मी केली, तर आणखी सात बसतात. सेहेचाळीस आणि सात, त्रेपन्न. तिनं ते पेन्सिलीनं काढलंही. काढून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. नियमात ते जेमतेम बसत होतं, कुणी बोट दाखवलं नसतं. पण मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागला असता, आणि त्या जिन्यावरून आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणता आलं नसतं. तिनं खोडरबर घेतलं. कागद फाटेल की काय इतकं जोरात खोडलं.

बुधवारी सकाळी नकाशा साहेबांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, आणि आधी आपली सही केली.

त्याच संध्याकाळी ताईच्या शिवणखोलीत कुटुंबं जमली. मशीन भिंतीला सरकवून ठेवलेली, माणसं जमिनीवर, दारात, बाहेरच्या पायरीवर. ताईनं तिला आधीच बजावलं होतं, की ती चौदा नावं तुझी तूच वाच, माझ्या तोंडून निघायची नाहीत. तिनं खड्ड्याचं सांगितलं आणि सत्तेचाळीसपासून नावं वाचली.

सत्तेचाळिसावा बसवरचा कंडक्टर होता. एका नंबरानं गेलेला. हातातोंडाशी आलेला घास जावा तसा तो आधी नुसताच बघत राहिला. मग उभा राहिला.

"सात वर्षं थांबलो आम्ही. तुमच्या एका पहारीनं सगळं गेलं. आणि तुमचं घर कुठल्या कोपऱ्यात बसवलंत, बाई?"

"माझा नंबर त्रेपन्न आहे," ती म्हणाली. "अजून वाचायचा आहे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, की ही नाटकंही करता येतात. तिनं ते ऐकलं आणि राहिलेली नावं वाचली. आपलंही त्याच आवाजात वाचलं. एक बाई रडत उठून गेली. कंडक्टर तिच्या मागोमाग गेला.

उरलेल्यांना ताईनं जाऊ दिलं नाही. सभागृहात आपल्याला विरोध करणारा तो औषधवाला सदस्य बसला आहे, ती म्हणाली. तो विचारणार, की सोमवारपर्यंत एक खड्डा दिसला नाही, तर बाकीची जमीन घट्ट आहे हे कशावरून? प्रयोगशाळेत माती तपासायला महिना लागतो. मग उत्तर काय द्यायचं?

"खणून दाखवायचं," फूटपट्टी म्हणाली.

गुरुवारी लोकांनी रजा टाकल्या. तिनं प्रत्येक इमारतीच्या कोपऱ्यावर आणि मध्यावर चुन्यानं फुल्या मारल्या, एकूण चाळीस. प्रत्येक फुलीवर कंबरभर खोल खणायचं होतं. प्रत्येक वेळी फावड्याखाली माती भुसभुशीत लागली, की ती वाकून मूठभर माती चोळून पाही. आणखी एक जरी कोपरा पोकळ निघाला असता, तरी सगळंच बुडालं असतं. दुपारी कंडक्टर आला. स्वतःचं फावडं घेऊन आला, सगळ्यात लांबची फुली धरली, आणि संध्याकाळपर्यंत एकटाच खणत राहिला. चाळिसाव्या खड्ड्यातही कडक मुरूम लागला, तेव्हा तो फावडं खांद्यावर टाकून तसाच निघून गेला.

शुक्रवारी सभा भरली. औषधवाल्याच्या घराची मागची भिंत त्या जागेला लागून होती. माणूस वाईट नव्हता. सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडून औषध देणारा. पण साठ कुटुंबं शेजारी आली की गर्दी होईल, आपल्या घराची किंमत उतरेल, या धास्तीनं त्यानं दोन वर्षं विरोध चालवला होता, आणि आज त्याला सुंठीवाचून खोकला जाणार असं दिसत होतं. तो शांतपणे उठला. परवापर्यंत चुकलेला नकाशा आज बरोबर कसा, असं विचारून त्यानं मागणी केली, की मातीची रीतसर तपासणी होईपर्यंत विषय दोन महिने पुढे ढकलावा. दोन महिने म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी बऱ्याच माना डोलल्या.

अध्यक्षाबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तिच्याकडे. बावीस वर्षांत ती या सभागृहात कधी बोलली नव्हती.

"खड्डा मलाच सापडला," ती उठून म्हणाली. "आधी सापडायला हवा होता. ती चूक माझी. बाकीच्या जागेवर आम्ही चाळीस ठिकाणी खणलंय. खणलेला एकही खड्डा अजून बुजवलेला नाही. पायी दहा मिनिटं लागतात. माझ्या शब्दावर जाऊ नका, बघून या."

अध्यक्षाबाईंनी घड्याळ पाहिलं, सभा तासाभरासाठी थांबवली आणि स्वतः पायात चपला सरकवल्या. सतरा सदस्य रस्त्यानं चालत निघाले, तेव्हा दुकानदार गिऱ्हाईकं सोडून बघायला बाहेर आले. जागेवर औषधवाल्यानं कुणालाच पहार मारू दिली नाही, स्वतः मारली. आधी जवळच्या खड्ड्यात, मग मधल्या, मग मुद्दाम अगदी टोकाच्या. प्रत्येक वेळी टण् आवाज आला आणि पहार हाताला झिणझिण्या देऊन उडाली. त्यानंतर तो पूर्वेच्या कोपऱ्यात गेला. तिथं पहार निम्मी आत गेली, आणि ती वर काढायला त्याला शेजाऱ्याची मदत घ्यावी लागली. तिच्याजवळून परत जाताना तो थबकला. मग पहार तिच्या हातात देऊन पुढं गेला.

मतदानाला हात वर झाले. बाजूनं आठ, विरोधात सात. अध्यक्षाबाईंवर बरोबरी फोडणारं मत द्यायची वेळच आली नाही, कारण औषधवाल्यानं दोन्ही वेळा हात वर केला नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत तो बसून राहिला. साहेबांनी नकाशाची गुंडाळी छातीशी धरली, आणि टपालावर विश्वास नको म्हणून सोमवारी स्वतः बसनं जाऊन गृहनिधीच्या टेबलावर ठेवून आले.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. घरं कमी म्हणून निधीनं आपला वाटाही कमी केला. सहा महिने काम अडलं. पण अडीच वर्षांनी सेहेचाळीस कुटुंबं आत राहायला गेली. राहिलेल्या चौदांपैकी पाच जणांनी जमा केलेलं परत घेतलं आणि गाव सोडलं. नऊ थांबली. त्यांच्यासाठी जुन्या बसडेपोची जागा मिळवायला आणखी सहा वर्षं गेली. तोवर साहेब निवृत्त झाले होते, आणि सासू तिसऱ्या मजल्यावरच वारली होती. तिला खाली आणायला चार माणसं लागली. वळणावर त्यांना दोनदा थांबावं लागलं, तेव्हा सून भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं असेल तर तेवढंच.

डेपोच्या जागेवर तिला आणि कंडक्टरला एकाच इमारतीत घर मिळालं. तो पहिल्या मजल्यावर, ती तळाला. त्याला आजही वाटतं, की आपली सहा वर्षं त्या बाईनं घालवली, आणि कुणी विषय काढला तर तो तिच्यासमोरच तसं सांगतो. ताई तिथं असली तर त्याच्याशी भांडते. ती स्वतः मध्ये पडत नाही. एकदा नवऱ्यानं विचारलं, गप्प का बसतेस? ती म्हणाली, "तो खोटं कुठं बोलतोय?"